इफ्ताहचा नवस

युद्धाला निघालेला इफ्ताह देवाला नवस बोलतो : जय मिळाला, तर परतल्यावर माझ्या दारातून जे प्रथम सामोरे येईल ते तुला अर्पण करीन. जय मिळतो, आणि डफ वाजवीत, नाचत सामोरी येते ती त्याची एकुलती एक मुलगी. बँकेत उभी हयात काढलेल्या माणसाला हा नवस म्हणजे सही करून दिलेला कोरा चेकच वाटणार! बायबलमधल्या 'शास्ते' या पुस्तकात मुलीला नावही नाही. बापाने नवस फेडला, एवढेच कळते.

या कथेवर हँडेलने १७५१ साली लंडनमध्ये 'जेफ्था' हा ऑरेटोरिओ रचला. ऑरेटोरिओ म्हणजे वेषभूषा आणि अभिनय वगळून केवळ गायक, वाद्यवृंद व कोरस यांनी उभे केलेले नाट्य. शब्द टॉमस मॉरेल या धर्मोपदेशकाचे. त्याने मुलीला इफिस हे नाव दिले, आई दिली, प्रियकर दिला आणि शेवटी देवदूत आणून तिला वाचवलेही. देवाला वाहिलेली कुमारिका म्हणून ती जगते. चिलया बाळ पुन्हा धावत येतो तेव्हा आपल्याला हायसे वाटते, तसाच हा प्रकार. मला तो देवदूत पटत नाही.

कारण त्याआधी, दुसऱ्या अंकाच्या अखेरीस, एक कोरस आहे. देवाचे निर्णय माणसाला उमगत नाहीत, असा त्याचा आशय. 'मसाया' सुमारे तीन आठवड्यांत हातावेगळा करणारा हँडेल इथे अडला. डाव्या डोळ्याने दगा दिल्यामुळे पुढे लिहिता येत नाही, अशी जर्मन भाषेतली नोंद त्याने १३ फेब्रुवारीला हस्तलिखितातच केली. दहा दिवसांनी, सहासष्टाव्या वाढदिवशी, थोडे बरे वाटते म्हणून पुन्हा सुरुवात. रचना पुरी व्हायला ऑगस्ट उजाडला.

ही हकीगत हळहळून सांगितली जाते. मला महत्त्वाचा वाटतो तो त्याने केलेला एक बदल. देव ठरवतो ते योग्यच, या अर्थाचे मॉरेलचे शब्द काढून त्याने अलेक्झांडर पोपच्या कवितेतले शब्द घातले : जे आहे ते योग्यच. देवाचे नावच गेले! आणि ते शब्द कोरस मध्येमध्ये थांबत, ठासून म्हणतो. ऐकताना वाटते, ही संमती नव्हे. संमती वदवून घेतली जात आहे.

भक्तिसंगीताने मनाला शांतवावे, अशी आपली अपेक्षा असते. विठ्ठलाशी कडाकडा भांडणाऱ्या संतांच्या मुलखात तरी ती नसावी. मी ध्वनिमुद्रिका या कोरसपाशी बंद करतो. देवदूताचा अंक दुसऱ्या दिवशी ऐकतो.