गिरणगावचे गुंड कुणी घडवले?

‘गिरण्या बंद पडल्या, पोरं बेकार झाली, बेकार पोरं टोळ्यांत गेली.’ लालबाग-परळचा विषय निघाला की हे वाक्य हमखास ऐकू येतं. म्हणणारी माणसं बहुधा आपलीच असतात आणि मायेनेच म्हणतात: दोष पोरांचा नव्हता, पोटाचा होता. ही माया मला समजते. तरीही हे स्पष्टीकरण चूक आहे आणि ज्या पोरांच्या बचावासाठी ते दिलं जातं, त्यांच्याच मुळावर येतं.

आधी तारखा पाहू. गिरणी संप सुरू झाला १८ जानेवारी १९८२ रोजी. गुंड मन्या सुर्वे वडाळ्याला आंबेडकर कॉलेजजवळ पोलिसांच्या गोळ्यांनी मेला ११ जानेवारी १९८२ रोजी, म्हणजे संपाच्या आठवडाभर आधी. लालबागमध्ये आमदार कॉम्रेड कृष्णा देसाईंचा खून झाला ५ जून १९७० रोजी. तेव्हा गिरण्यांचे भोंगे तिन्ही पाळ्यांना वाजत होते. बाबू रेशीम, रामा नाईक या टोळीवाल्यांची नावं संपाच्या आधीच भायखळ्यात दबक्या आवाजात घेतली जात होती. जे कार्य कारणाच्या आधीच हजर असतं, त्याला त्या कारणाचं कार्य कसं म्हणायचं?

मटक्याचंच, म्हणजे आकड्यांच्या जुगाराचंच घ्या. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातले उघडते आणि बंद होते भाव तारेने मुंबईत येत आणि त्यावर पैसे लागत. ‘ओपन’ आणि ‘क्लोज’ हे शब्द तिथून आले. १९६१ च्या सुमारास ते भाव बंद झाले तेव्हा कल्याणजी भगत आणि पाठोपाठ रतन खत्री यांनी आकडा इथेच काढायला सुरुवात केली. गिऱ्हाईक कोण? गिरणीतून सुटलेला कामगार. पानाच्या गादीवर चिठ्ठी फाडायची, आकडा लावायचा, रात्री क्लोज ऐकायला नाक्यावर थांबायचं. पगाराच्या दिवशी गेटबाहेर व्याजाची वसुली करणारा पठाण काठी टेकून उभा असायचा आणि त्याच गर्दीत आकडा घेणाराही. हा धंदा पगारावर पोसला. गिरण्या चालू होत्या म्हणून मटका चालला.

आता दुसरा पुरावा, आणि माझ्या लेखी हा अधिक वजनाचा. संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. त्यांच्या घरांत उपासमार आली. बायकांनी पोळ्या लाटून दिल्या, पापड केले, भांडी घासली. पुरुषांनी भाजीच्या गाड्या लावल्या, वॉचमनची काठी हातात घेतली. कित्येक कुटुंबं कोकणात, घाटावर परतली. बेकारीच जर गुंड घडवत असती, तर गिरणगावात टोळीवाल्यांना उभं राहायला जागा उरली नसती. जयंत पवारांच्या ‘अधांतर’ नाटकात खोली एक, आई एक, संप एक आणि भाऊ तीन आहेत; त्यांतला एकटा नरू टोळीत जातो. नाटककाराने मांडलेला हा पेच आपण बेकारीच्या एका शब्दात गुंडाळून ठेवला.

गुन्ह्याचं कारण शोधण्याचा माणसाचा प्रवास मोठा आहे आणि त्यात आपली माणसं चिरडली गेली आहेत. इटलीच्या लोंब्रोसोने १८७६ साली ग्रंथ लिहून सांगितलं की गुन्हेगार जन्मतःच तसा असतो, कवटीवरून ओळखता येतो. इंग्रज सरकारने त्याच्या पाच वर्षं आधीच, १८७१ मध्ये, आख्ख्या जमाती कायद्याने गुन्हेगार ठरवल्या होत्या. १९११ च्या कायद्याने तो फास मुंबई इलाख्यातही आला. सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये तारेच्या कुंपणाआड ठेवलेली माणसं तिथल्या गिरण्यांत राबली आणि रोज हजेरी देत राहिली. कायदा देशभर रद्द झाला ३१ ऑगस्ट १९५२ रोजी. लोंब्रोसोचं म्हणणं तर इंग्लंडच्या गोरिंगने हजारो कैद्यांची मापं घेऊन १९१३ मध्येच खोडून काढलं होतं. तरी आजही घरफोडी झाली की संशयाची पहिली नजर पारध्यांच्या झोपडीकडे वळते.

शिकागोच्या शॉ आणि मॅके यांनी कवट्या सोडून वस्त्या पाहिल्या. एकाच वस्तीत आधी जर्मन, आयरिश राहिले, मग इटालियन, पोलिश आले. माणसं बदलली, गुन्ह्यांचं प्रमाण मात्र वस्तीला चिकटून राहिलं. जन्मसिद्धांत तिथे संपला. १९३८ मध्ये समाजशास्त्रज्ञ मर्टनने म्हटलं की समाज स्वप्नं सगळ्यांना सारखी दाखवतो आणि मार्ग मोजक्यांनाच देतो, गुन्हा त्या दरीत उगवतो. गिरणगावचं लाडकं वाक्य हे मर्टनचंच सोपं केलेलं रूप आहे. मर्टन थोर होता. पण ज्ञान तिथे थांबलं नाही, आपण थांबलो.

गिरगाव-दादरच्या पांढरपेशा घरांतलं उत्तर वेगळं असतं: संस्कार कमी पडले. तेही टिकत नाही. मन्या सुर्वे दादरच्या कीर्ती कॉलेजचा पदवीधर होता. दाऊद इब्राहिमचा बाप पोलिसात हवालदार होता. संस्काराचा हिशेब लावणारे लोक तो नेहमी चाळीतल्या पोरांनाच लावतात.

इथे गुन्ह्यांचा अभ्यासक सदरलंड वाचला पाहिजे. तो म्हणाला, गुन्हा शिकावा लागतो, जवळच्या माणसांकडून, कसब आणि समर्थन दोन्हींसह. आणि १९३९ च्या भाषणात त्याने विचारलं की प्रतिष्ठितांच्या गुन्ह्यांना आपण गुन्हा का म्हणत नाही. सत्तर मोठ्या कंपन्यांची कुंडली मांडणारं त्याचं पुस्तक १९४९ साली आलं, तेव्हा प्रकाशकाने कंपन्यांची नावं काढायला लावली. ती छापायला १९८३ उजाडलं. आपल्याकडे अनेक गिरण्यांनी कामगारांची ग्रॅच्युइटी आणि फंड वर्षानुवर्षं थकवला. दहा रुपयांचं पाकीट मारणाऱ्याला आपण चोर म्हणतो. आयुष्यभराची पुंजी अडकवणाऱ्याला मात्र आजारी उद्योग म्हणतो.

क्लोवर्ड आणि ओलिन यांनी १९६० मध्ये आणखी एक खिळा ठोकला: वाईट मार्गालाही संधी लागते. नोकरी गेली म्हणून कुणी आपोआप टोळीत जात नाही. टोळी असावी लागते, तिला माणूस हवा असावा लागतो, तिच्यामागे पैसा असावा लागतो.

तो पैसा कुणाचा, हा माझा मुद्दा आहे. गिरणगावातले दादा संपापेक्षा फार जुने. १९२८-२९ च्या संपांच्या काळात घोडपदेवचा केशव दादा बोरकर गिरणी कामगार युनियनच्या विरोधात उभा होता. दादाची तालीम गल्लीची असे, पण तिचा उपयोग गल्लीबाहेरच्यांना होई. पुढे दारूबंदीने हातभट्टीला बाजार दिला, सोने नियंत्रणाने तस्करीला दिला. सोने नियंत्रण कायदा १९९० मध्ये रद्द झाला, तस्करीतला नफा आटला आणि टोळ्यांनी खंडणीकडे, जमिनीकडे मोर्चा वळवला. १९९१ च्या विकास नियमावलीने गिरण्यांच्या जमिनी विकण्याची वाट उघडली: एक वाटा पालिकेला, एक म्हाडाला, एक मालकाला. २००१ च्या दुरुस्तीने वाटणी फक्त मोकळ्या जागेपुरती उरली आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती मान्य केली. कोट्यवधींची जमीन आणि तिच्यावर हक्क सांगणारे कामगार, यांच्या मधे धाक घालणाऱ्या माणसाला भाव आला. ७ मे १९९४ रोजी महालक्ष्मीजवळ खटाव मिलच्या सुनीत खटावांची भर रस्त्यात हत्या झाली. गिरणी हलवून भायखळ्याची जमीन मोकळी करण्याच्या त्या व्यवहारात टोळ्या उतरल्याचं तेव्हाच उघड लिहिलं-बोललं गेलं. त्यात भुकेलं कोण होतं?

संपाचा काहीच संबंध नाही, असं मी म्हणत नाही. हर्शीने १९६९ मध्ये प्रश्न उलटा केला: बहुतेक माणसं गुन्हा का करत नाहीत? कारण ती कशाला तरी बांधलेली असतात. गिरणगावात बापाच्या शब्दावर मुलगा बदली कामगार म्हणून लागत असे. युनियन, गावकीची खोली, भजनी मंडळ, खानावळ अशा दहा ठिकाणी त्याचं नाव-गाव माहीत असे. संपाने यातले कित्येक धागे तुटले, बापाचा शब्द खाली पडला. दार उघडं पडलं, हे खरं. पण उघड्या दारातून आत कोण शिरलं आणि कुणाच्या पैशावर, हे विचारल्याशिवाय हिशेब पुरा होत नाही.

हा प्रश्न विचारला नाही त्याची किंमत पोरांनी मोजली. गरिबीच गुंड घडवते असं एकदा मान्य केलं की चाळीचा पत्ता हाच पुरावा होतो. नव्वदीच्या दशकात चकमकींमागून चकमकी झाल्या. मरणारे बहुतेक हाताखालचे होते आणि पेपरात त्यांच्या वयापेक्षा त्यांच्या गल्लीचं नाव ठळक असे. त्यांना कामाला लावणाऱ्यांची नावं सदरलंडच्या कंपन्यांसारखी कोरीच राहिली.

आज लालबाग-परळच्या जुन्या चाळींचा पुनर्विकास चालू आहे. जिथे रहिवाशांच्या संमतीसाठी रात्री दार वाजतं आणि दारात बिल्डरच्या कचेरीतला कारकून सोडून भलतीच माणसं उभी असतात, तिथे पोलिसांनी त्या माणसांना उचलून थांबू नये. त्यांचे पगार कोणत्या खात्यातून जातात ते काढावं आणि आरोपपत्रात पहिलं नाव त्या खातेदाराचं घालावं.