मोकळ्या तबकड्यांना कुलूप कशाला?



आषाढीच्या आधी मुक्ताईची पालखी देऊळगाव राजा ओलांडून आपल्या जालन्यात येते. त्या वाटेवर कोणी कोणाला थांबवून विचारत नाही, की हा अभंग म्हणायची परवानगी तुम्ही कोणाकडून आणली? विचारणारा वेडा ठरेल. ज्ञानोबा-तुकोबांच्या शब्दांना मालक नाही, हे टाळ धरणाऱ्या सहा वर्षांच्या पोरालाही कळते. तरीही गेल्या काही वर्षांत हा वेडा प्रश्न आपल्याला विचारला जाऊ लागला आहे आणि आपण मान खाली घालून तो ऐकून घेतो आहोत. हे लिहिणे त्या खाली घातलेल्या मानेविरुद्ध आहे.

झाले ते असे. अंबड तालुक्यातल्या एका भजनी मंडळाच्या पोरांना गावातल्या जुन्या वाड्यात काही तबकड्या सापडल्या. चावीच्या ग्रामोफोनवर वाजणाऱ्या, लाखेच्या, जड. त्यांतली एक अभंगाची, १९३० च्या दशकातली. शब्द संतांचे, चाल परंपरेतली. पोरांनी शहरातून कोणाकडून तरी तिची नक्कल करून घेतली, गायकाचे नाव घालून इंटरनेटवर ठेवली. आठ दिवसांत सूचना आली, की या ध्वनिमुद्रणावर अमुक कंपनीचा हक्क आहे. पोरे घाबरली आणि काढून मोकळी झाली. मी विचारले, दावा खरा आहे का ते पाहिले का? उत्तर आले, ‘काका, कोर्टाची भानगड कोण करणार?’

माऊली, भानगड कसली? आपल्या देशाचा कायदा इथे अगदी सरळ आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क ते प्रसिद्ध झाल्याच्या पुढच्या वर्षापासून मोजून ६० वर्षे चालतो. कलम २७. हा आकडा आधी ५० होता, १९९२ च्या दुरुस्तीत ६० झाला. म्हणजे १९३५ साली बाजारात आलेली तबकडी जुन्या हिशोबानेच १९८५ च्या अखेरीला मोकळी झाली. आज ती कंपनीची नाही, गायकाच्या नातवाची नाही, तबकडी ज्याच्या पेटीत आहे त्याचीही नाही. तबकडी त्याची, तीवरचा आवाज सगळ्यांचा. मग दावा येतो कुठून? बहुतेक वेळा तो माणसाने केलेलाच नसतो. कंपन्यांनी जुनी गाणी पुढे कॅसेटवर, सीडीवर पुन्हा काढली. त्या यादीतल्या आवाजाशी तुमचा आवाज जुळला, की यंत्र दावा ठोकते. यंत्राला साल कळत नाही. त्याला साल सांगायचे काम आपले असते आणि दाव्याला हरकत घेण्याची सोयही तिथेच असते. आपण मात्र यंत्राला विठ्ठलाच्या दारातला चोपदार समजून बाजूला होतो.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण अर्धवट माहितीवर भांडायला गेलेला माणूस तोंडावर पडतो. तबकडी मोकळी झाली म्हणजे तिच्यातले सगळेच मोकळे झाले असे नाही. शब्द आणि चाल यांचा हक्क वेगळा. तो रचणाऱ्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे राहतो. प्रभातचा ‘संत तुकाराम’ १९३६ चा. त्यातले बीजावरचे ते प्रसिद्ध गीत कित्येक लोक तुकोबांचा अभंग समजून म्हणतात. ते तुकोबांचे नव्हे, शांताराम आठवल्यांचे आहे. आठवले १९७५ साली गेले, म्हणजे त्या शब्दांवरचा हक्क २०३५ च्या अखेरीपर्यंत आहे. मास्टर कृष्णराव १९७४ साली गेले, तर त्यांनी स्वतः बांधलेल्या चालींवरचा हक्क २०३४ च्या अखेरीपर्यंत. तिथे परवानगी लागेल तर आदराने मागावी. पण संतांचा शब्द, परंपरेची चाल आणि मुदत संपलेली तबकडी, ही तिन्ही एकत्र आली तर मागायचे कोणाकडे आणि द्यायचे कोणी?

याला इंग्रजी कायद्याचे नवे खूळ समजू नका. गाथा इंद्रायणीत बुडवली तेव्हा ती लोकांच्या मुखात होती म्हणून टिकली, असे आपण पिढ्यान् पिढ्या सांगत आलो. एकाच्या कपाटात असती तर संपली असती. पुढे छापखाना आला. मुंबई सरकारच्या पैशाने १८६९ आणि १८७३ साली दोन भागांत गाथा इंदुप्रकाश छापखान्यातून निघाली. ‘ओठांवरची वस्तू कागदावर कशाला’ असे तेव्हाही कोणी म्हटले असेल. आज गाथेच्या पोथीशिवाय सप्ताहाचा मंडप उभा राहत नाही. मग कागद चालला आणि लाख का चालू नये?

इथे आपल्यातलेच काही वडीलधारे म्हणतात, ‘त्या तबकड्या नाटकवाल्यांच्या आणि गाणाऱ्या बायांच्या. फडाचा त्यांच्याशी काय संबंध?’ या म्हणण्यातला अर्धा भाग खरा आहे आणि तो मी आधी मान्य करतो. तबकडीवर फड नाही. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटे मावत. आपल्याकडे तेवढ्यात धृपद नीट बसत नाही. १९२५ च्या सुमारास मायक्रोफोन येईपर्यंत सगळे गाणे एका मोठ्या कर्ण्यात ओरडून गावे लागे. पखवाजाची धुमकी त्या कर्ण्याला पेलत नसे आणि पन्नास टाळांचा तर प्रश्नच नव्हता. म्हणून तबकडी ऐकून ‘हीच खरी चाल’ असे कोणी म्हणू लागला, तर त्याला वीणेकऱ्यासमोर बसवावे. तबकडी साक्षीदार आहे, गुरू नव्हे.

पण राहिलेला अर्धा भाग मला मुळीच मान्य नाही. मास्टर कृष्णराव फुलंब्रीकरांचे आडनाव आपल्या शेजारच्या फुलंब्रीचे आणि जन्म १८९८ चा, थेट आळंदीतला. त्यांना माऊलींच्या दारातून बाहेर काढणार? बालगंधर्व १९३१ साली कान्होपात्रा होऊन रंगभूमीवर उभे राहिले. कान्होपात्रा कोण होती, हे पंढरीच्या देवळातल्या तरटीच्या झाडाला हात लावून येणाऱ्या माणसाने मला विचारू नये. गणिकेच्या पोटी जन्मलेली ती मुलगी संतमालिकेत बसली. मग गोहरजानपासून पुण्याच्या सुंदराबाई जाधवांपर्यंत ज्या बायांचे आवाज तबकड्यांवर उतरले, त्यांचे नाव निघाले की आपली भुवई वर का जाते? त्या काळी त्यांना गाण्यासाठी आपण सतरंजीवर जागा दिली नाही. कंपनीच्या कर्ण्याने दिली. कंपनीने ती पुण्यासाठी दिली नाही, धंद्यासाठी दिली, हे ठाऊक आहे. पण आवाज राहिला तो तिच्यामुळे, आपल्यामुळे नाही.

याच बायांच्या तबकड्यांत एक गोष्ट आहे, ती ऐकून मी थक्क झालो होतो. लंडनच्या ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गाइसबर्ग कलकत्त्याला आला आणि १९०२ च्या नोव्हेंबरात त्याने गोहरजानचे गाणे मुद्रित केले. तेव्हा तबकड्या छापण्याचा कारखाना हिंदुस्थानात नव्हता. तो कलकत्त्यात १९०८ साली निघाला. त्याआधी सगळे जर्मनीत हॅनोव्हरला जाई. तिथल्या कारागिरांना गाणारीण कोण ते कळावे म्हणून गोहरजान गाणे संपताच स्वतःचे नाव मोठ्याने सांगत असे.

अभंगाच्या शेवटच्या चरणात काय असते, माऊली? नाममुद्रा. संतांनी अभंगावर हक्क ठेवला नाही, पण नाव ठेवले. कोणीही म्हणा, कुठेही म्हणा, कितीही म्हणा, पण म्हणताना नाव गाळू नका. तबकडी मोकळी झाली म्हणजे काय होते, ते समजून घ्यायला आपल्याला वकील लागत नाही. आपण सहा-सातशे वर्षे तेच करत आलो आहोत.

म्हणून मला कंपन्यांइतकाच राग आपल्याच काही उत्साही मंडळींचा येतो. हे जुनी तबकडी उचलतात, गायकाचे नाव खरवडतात आणि त्यावर स्वतःच्या मंडळाचा शिक्का मारतात. वर डीजेचा ठोका घालून ‘नव्या स्वरूपात’ असे लिहितात. दुसऱ्याच्या अभंगातली नाममुद्रा काढून आपली घालणाऱ्याला आपण काय म्हणतो? ते यांनाही म्हणावे. नाथ महाराजांनी शके १५०६ मध्ये पैठणला ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. गोदावरीच्या काठावर घडलेली ही गोष्ट आहे. शुद्ध केली म्हणजे लोकांनी घुसडलेले काढले, पदरचे घातले नाही. आणि पुढे जो तीत आपली ओवी घालील त्याला काय म्हटले, ते तुम्हाला पाठ आहे. तबकडीची खरखर काढा, जरूर काढा. पण काढण्याआधीची जशीच्या तशी नक्कल जवळ ठेवा, आणि ताटात आपले काही ठेवू नका.

साफसफाईच्या नावाखाली आणखी एक चूक होते आणि ती कानाला लगेच कळत नाही. त्या काळच्या सगळ्या तबकड्या मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या नसत. कोणी ७४ वर घेई, कोणी आणखी कमी-जास्त. ७४ वर घेतलेली तबकडी ७८ वर वाजवली, की पांढरी एकमध्ये गाणारा काळी एकमध्ये ऐकू येतो आणि लय पाच टक्क्यांनी पळते. मग आपण म्हणतो, जुने लोक काय उंच पट्टीत गात होते! उंच गात नव्हते, आपण त्यांना पळवले. पेटीवर पट्टी धरून ऐकणारा जाणता माणूस शेजारी बसल्याशिवाय नक्कल करू नये. असा माणूस प्रत्येक भजनी मंडळात एक तरी असतो.

आता घरचे कुलूप. कंपनीने मोकळ्या गाण्याला कुलूप लावले तर आपण कंपनीला बोल लावतो. मग कीर्तनाच्या मंडपात ‘ध्वनिमुद्रण करण्यास सक्त मनाई’ ही पाटी कोण लावतो? कीर्तनाचे मोल घेऊ नये, हे तुकोबारायांनी किती कडक शब्दांत सांगितले आहे, हे त्याच कीर्तनात सांगायचे आणि उतरल्यावर ध्वनिफितीचे हक्क कोणाला दिले ते सांगायचे! प्रवासखर्च घ्या, पोट सगळ्यांना आहे. पण गेल्या पिढीतले जे वीणेकरी आणि मृदंगी गेले, त्यांच्या काकड्याच्या, गौळणींच्या चाली कॅसेटवर आहेत. त्या कॅसेट मुलांच्या कपाटात आहेत आणि मुले म्हणतात, ‘वडिलांची ठेव आहे, देणार नाही.’ ठेव म्हणता आणि तिला बुरशी चढू देता? ग्रामोफोन कंपनीलाही कायद्याने साठ वर्षांनी हात सोडावा लागतो. या कुलपाला तर मुदतच नाही.

उशीर करायला वेळ नाही, हेही सांगतो. लाखेची तबकडी हातातून पडली की फुटते आणि आपल्याकडच्या वैशाखात पत्र्याखाली ठेवली की वाकते. मुंबईत १९९० साली स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सच्या मंडळींनी चोरबाजारातून, भंगारातून तबकड्या वेचून जपल्या. बंगळुरूला विक्रम संपत यांनी आर्काइव ऑफ इंडियन म्युझिक उभे केले आणि हजारो जुनी ध्वनिमुद्रणे सर्वांना ऐकायला खुली ठेवली. हे लोक काही टाळकरी नव्हेत, आणि तरी त्यांनी हे केले. आपल्या जालन्यात मात्र भंगाराला गिऱ्हाईक कधी कमी पडत नाही. लोखंडाच्या भट्ट्या रात्रंदिवस पेटलेल्या आहेत. ग्रामोफोनचा कर्णा आणि यंत्र किलोवर जाते, आणि तबकड्यांना भंगारवालाही विचारत नाही म्हणून त्या उकिरड्यावर जातात. जुन्या आडतीच्या माडीवर, देशमुखी वाड्याच्या माळ्यावर, मठाच्या कोठीत अजून काही असतील.

तर तुमच्या गावात तबकडी निघाली तर ती पुसायला ओले फडके घेऊ नका आणि घरच्या जुन्या ग्रामोफोनवर गंजक्या सुईने वाजवून पाहू नका. ती सुई दर बाजूला बदलायची असे, जुनी सुई खाच खरवडते. तबकडी उभी ठेवा. मधल्या कागदावर गायकाचे नाव, कंपनीचे नाव आणि क्रमांक असतो, तो वहीत उतरवून घ्या. त्या क्रमांकावरून जाणकाराला साल काढता येते आणि दाव्याला उत्तर देताना सगळा जोर त्या सालावरच असतो. उत्तर चार ओळींचे पुरते: तबकडीचा क्रमांक, प्रसिद्धीचे साल, कलम २७, आणि शब्द अमुक संतांचे, चाल पारंपरिक. खाली मंडळाचे नाव लिहा, आणि तेही न घाबरता. अंबड तालुक्यातल्या त्या पोरांकडून हे उत्तर मी परवा लिहून घेतले. ध्वनिमुद्रण त्यांनी पुन्हा ठेवले आहे, गायकाच्या नावासकट.