डॉक्टरांच्या भेटवस्तूंचे बिल कोण भरते?

सरकारी दवाखान्यात गोळ्या संपल्या म्हणून आपली आई खाजगी डॉक्टरकडे जाते आणि मेडिकलवर चिठ्ठी पुढे करते. ती गिऱ्हाईक असते, पण निवड तिची नसते. औषध डॉक्टर निवडतो, पैसे आई मोजते. म्हणूनच कंपनीचा एमआर रुग्णाच्या दारात जात नाही. तो बॅग घेऊन डॉक्टरच्या केबिनबाहेर उभा असतो.

हा आरोप हवेतला नाही. 22 फेब्रुवारी 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने अ‍ॅपेक्स लॅबोरेटरीजच्या प्रकरणात निकाल दिला. डॉक्टरांना दिलेल्या भेटींचा खर्च करपात्र उत्पन्नातून वजा करून द्या, अशी कंपनीची मागणी होती. न्यायालयाने ती फेटाळली. अशा भेटींमध्ये सोन्याची नाणी, लॅपटॉप, फ्रीज, परदेशवाऱ्या असतात, हे निकालपत्रातच नमूद आहे. या वस्तू नावापुरत्याच फुकट असतात, त्यांचा खर्च औषधाच्या किमतीत मिळवला जातो, हेही न्यायालयानेच सांगितले. म्हणजे डॉक्टरच्या फ्रीजचे पैसे तुमची आई भरते!

मग नियम नाहीत का? आहेत. डॉक्टरांना भेटी घेण्यास 2009 पासून बंदी आहे. कंपन्यांसाठी मार्च 2024 मध्ये नवी आचारसंहिता आली. पण तक्रार ऐकणार कोण? कंपन्यांच्याच संघटनेची समिती! समज देणे, दिलेली वस्तू परत घ्यायला लावणे, संघटनेतून काढणे, अशी तिची हत्यारे. चोरांच्याच पंचायतीत चोरीचा निवाडा.

ऑगस्ट 2023 मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने जेनेरिक नाव लिहिणे सक्तीचे केले आणि कंपन्यांच्या पैशावरच्या परिषदांना मनाई केली. डॉक्टरांच्या संघटनेने विरोध केला आणि तीन आठवड्यांत नियम स्थगित झाले. जेनेरिकच्या दर्जाविषयीची डॉक्टरांची शंका अगदीच खोटी नाही. पण तिचा उपाय म्हणजे औषधांची कडक तपासणी. आणि कंपनीच्या खर्चाने परिषदेला न गेल्याने कोणत्या गोळीचा दर्जा घसरतो, हे कुणी सांगेल का?

भेट नाकारणारे डॉक्टरही आहेत. लढाई त्यांच्याशी नाही. ती टार्गेटखाली भरडल्या जाणाऱ्या एमआरशीही नाही. उलट, या आचारसंहितेला कायद्याचे बळ द्या म्हणून सर्वोच्च न्यायालयात गेली ती एमआरचीच देशव्यापी संघटना.

सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य आहे, असे संविधानाचा अनुच्छेद 47 सांगतो. पण या अनुच्छेदासाठी न्यायालयात दाद मागता येत नाही. ते कर्तव्य जनतेच्या रेट्यानेच करून घ्यावे लागते. तेव्हा सुरुवात आपल्या वस्तीतून करा. डॉक्टरला आदराने, पण ठामपणे सांगा, "साहेब, चिठ्ठीवर औषधाचे जेनेरिक नाव लिहा." आणि मत मागायला येणाऱ्याला विचारा, "भेटी देणाऱ्या कंपनीला शिक्षा करणारा कायदा कधी करणार?"