इंग्रजीचा पेपर आणि बंद पंखा

गेल्या रविवारी कोळसेवाडीतली एक मुलगी विहारात भेटली. बी.कॉम.च्या पहिल्याच वर्षी इंग्रजीत नापास. 'जयभीम काका, कॉलेज सोडते,' म्हणाली. अभ्यास कसा केलास, आम्ही विचारले. गाईडातली पत्रे पाठ केली होती, म्हणे!

आम्हीही 'बिझनेस कम्युनिकेशन'ची पत्रे अशीच घोकली. नोकरीत साहेबांनी पहिले पत्र लिहायला सांगितले, तेव्हा अर्धा दिवस कोरा कागद समोर. खरे तर मुंबई विद्यापीठाच्या या विषयात नोकरीचा अर्ज, ग्राहकाची तक्रार, २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखालचा अर्ज हेच शिकवत आले. वस्तीला रोज लागणारे कागद! बाबासाहेबांनी १९१९ साली साउथबरो समितीपुढे आपल्या लोकांची कैफियत मांडली, तीही इंग्रजीतच.

मुलीच्या घरचा नवा पंखा आठ दिवसांत बंद पडला, दुकानदार दाद देत नाही. आम्ही म्हटले, गाईड मिट. आधी मराठीत सांग काय झाले, मग तेच इंग्रजीत लिही. तिने सहा ओळी लिहिल्या. दोन क्रियापदे चुकली, पण मजकूर तिचा होता. पुढच्या रविवारी दुसरे पत्र आणणार आहे. एटीकेटीचा फॉर्म मात्र मुदतीत भरायला हवा.