पदे गाजतात, नाटक कुठे आहे?

22 जानेवारी 2022 रोजी गायिका-अभिनेत्री कीर्ती शिलेदार यांचे पुण्यात निधन झाले, तेव्हा त्या 69 वर्षांच्या होत्या. त्यानंतर पंधराच दिवसांनी, 6 फेब्रुवारीला, लता मंगेशकर गेल्या. सारा देश त्या शोकात बुडाला. राष्ट्रीय दुखवटा जाहीर झाला, शिवाजी पार्कवर शासकीय इतमामात अंत्यसंस्कार झाले, वृत्तपत्रांची पानेच्या पाने भरली. त्या लोटात कीर्तीताईंच्या जाण्याची बातमी मागे पडली. त्यासाठी कोणाला दोष द्यावा असे नाही. पण या दोघींचा सूर एकाच अंगणातून आलेला आहे, ते अंगण मराठी संगीत नाटक कंपनीचे, आणि त्या अंगणाशी खानदेशाचे नाते फार जुने आहे, हे जळगाव-धुळ्याच्या वाचकांनी विसरू नये.

धुळे जिल्ह्यात शिरपूर तालुक्यात, तापीच्या काठी थाळनेर आहे. फारुकी राजांची ही जुनी राजधानी. त्यांच्या कबरी आजही तिथे उभ्या आहेत. याच गावच्या लाड घराण्यातली मुलगी मास्टर दीनानाथांना दिली होती. तिच्या अकाली मृत्यूनंतर तिची धाकटी बहीण त्याच घरात गेली, आणि तीच लता, मीना, आशा, उषा व हृदयनाथ यांची आई. त्यामुळे थाळनेर हे मंगेशकर भावंडांचे आजोळ. दीनानाथ तेव्हा 1918 साली निघालेल्या बलवंत संगीत मंडळीचे गायक नट होते. थोरल्या मुलीचे पाळण्यातले नाव हेमा. ती लता झाली ती गडकऱ्यांच्या ‘भावबंधन’मधल्या लतिकेवरून. या घरात नाटक इतके भिनलेले होते.

जळगावचे नाते याहूनही जुने आहे. नारायण श्रीपाद राजहंस नावाचा मुलगा शिक्षणासाठी जळगावात असताना मेहबूबखान यांच्याकडे गाणे शिकला. पुढे 1905 साली तो किर्लोस्कर नाटक मंडळीत गेला आणि 1913 साली गोविंदराव टेंबे व गणपतराव बोडस यांच्यासह त्याने गंधर्व नाटक मंडळी काढली. तोच बालगंधर्व. हे नाव उच्चारताना पुणे आणि सांगलीकडे पाहण्याची सवय महाराष्ट्राला आहे. त्या गळ्यावरच्या पहिल्या संस्कारांत जळगावचाही वाटा आहे, हे खानदेशाने अभिमानाने सांगावे. जळगावच्या खुल्या नाट्यगृहाला त्यांचे नाव आहे आणि दरवर्षी जानेवारीत त्यांच्या नावाचा संगीत महोत्सवही इथे भरतो.

कीर्ती शिलेदारांचा जन्म 16 ऑगस्ट 1952 चा. त्याआधी तीन वर्षे, 1949 साली, जयराम आणि जयमाला शिलेदार यांनी ‘मराठी रंगभूमी’ ही संस्था स्थापन केली होती. तो काळ लक्षात घेतला पाहिजे. बोलपट येऊन दीड तप उलटून गेले होते. गंधर्व मंडळीचे वैभव ओसरले होते, बलवंत केव्हाच बुडाली होती, दीनानाथ 1942 सालीच गेले होते. ज्या शहरांत एकेकाळी कंपन्या महिना महिना मुक्काम ठोकत, तिथली थिएटरे सिनेमाच्या ताब्यात गेली होती. जयराम स्वतः ‘लोकशाहीर राम जोशी’ या 1947 च्या गाजलेल्या चित्रपटाचे नायक. पडद्याचा रस्ता त्यांना मोकळा होता. तरी त्यांनी संगीत नाटकाचा संसार मांडला आणि तो बुडत्या काळात मांडला. जयमालाबाईंना 2013 साली पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्या गेल्या. एवढ्या मोठ्या कामाची दखल दिल्लीने इतक्या उशिरा घ्यावी, ही खंत मराठी माणसाच्या मनातून जाणार नाही.

अशा घरात कीर्ती आणि त्यांची बहीण दीप्ती वाढल्या. शाळकरी वयातच कीर्तीताई रंगमंचावर आल्या आणि पुढे पन्नासहून अधिक वर्षे तिथेच राहिल्या. ‘सौभद्र’, ‘मृच्छकटिक’, ‘मानापमान’, ‘संशयकल्लोळ’, ‘स्वयंवर’, ‘एकच प्याला’, ‘कान्होपात्रा’ ही नाटके त्यांनी गावोगाव केली. त्यांच्या नावावर चार हजारांच्या घरात प्रयोग सांगितले जातात. ही संख्या वाचून पुढे जाणे सोपे आहे. पण चार हजार प्रयोग म्हणजे तितक्या वेळा तोंडाला रंग, तितक्या वेळा नऊवारी आणि दागिने, रात्रीचा गाडीचा प्रवास, दुसऱ्या गावी सकाळी पोहोचून कोंदट रंगपटात संध्याकाळची तयारी, आणि मग थकलेल्या गळ्यातून पहिल्याच पदाला लागणारा पक्का सूर.

त्यांच्यापुढचे आव्हान वेगळे होते आणि ते नीट समजून घ्यायला हवे. भामिनी, रुक्मिणी, सिंधू, कान्होपात्रा या भूमिका मराठी रसिकाच्या मनात बालगंधर्वांच्या रूपाने कोरल्या गेल्या होत्या. पुरुषाने उभ्या केलेल्या या स्त्रिया. त्यांचे हसणे, लाजणे, पदर सावरणे, इतकेच काय पण सुराला दिलेला लाडिक हेलकावाही त्यांनी ठरवून दिलेला. 1929 साली हिराबाई बडोदेकरांनी स्वतःची मंडळी काढून कुलीन समाजासमोर स्त्रियांनी स्त्रियांच्या भूमिका करण्याची वाट मोकळी केली. 1933 च्या ‘आंधळ्यांची शाळा’ने ज्योत्स्ना भोळे यांना पुढे आणले. तरी जुनी नाटके करायची तर मोजपट्टी बालगंधर्वांचीच राहिली. जयमालाबाईंनी ती गायकी आत्मसात केली. कीर्तीताईंनी ती आईकडून घेतली आणि नीळकंठबुवा अभ्यंकरांच्या तालमीने तिला ख्यालाचे बळ दिले. नक्कल केली असती तर त्या चार प्रयोगांत विस्मरणात गेल्या असत्या. त्यांची रुक्मिणी गाता गाता विचार करणारी होती, हे त्यांचे कर्तृत्व.

विद्याधर गोखले यांचे ‘स्वरसम्राज्ञी’ हे नाटक 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला आले आणि कीर्ती शिलेदार हे नाव घरोघरी गेले. बर्नार्ड शॉच्या ‘पिग्मॅलियन’च्या कथाबीजाला गोखल्यांनी पूर्ण मराठी देह दिला: तमाशाच्या फडातली मैनाराणी आणि तिला शास्त्रोक्त गाणे शिकवणारा पंडित. शॉच्या नाटकात बदलते ती बोली, इथे बदलतो गळा. या भूमिकेसाठी नटीला आधी फडावरची ठसकेबाज लावणी पेलावी लागते आणि त्याच रात्री, त्याच प्रेक्षकांसमोर, भारदस्त ख्यालही. मधले शिकणे, चुकणे, रडणे, हट्टाला पेटणे हे सगळे सुरातूनच दाखवायचे. मुद्दाम कच्चे गाणे हे पक्के गाण्यापेक्षा अवघड असते. ते ऐन विशीत पेलणाऱ्या या मुलीकडे महाराष्ट्र थक्क होऊन पाहत राहिला.

खानदेशातल्या रसिकाला ही मैनाराणी परकी वाटण्याचे कारण नाही. हा तमाशाचा मुलूख आहे. इथे वहीगायन आहे, जिथे अख्खी कथा गाण्यातून पुढे सरकते आणि ऐकणारा अहिराणी बोलात हुंकार देतो. श्रावणात कानबाईची गाणी रात्र रात्र चालतात. गोष्ट गाऊन सांगतात हे इथल्या माणसाला शिकवावे लागत नाही. म्हणूनच आजची स्थिती अधिक खुपते.

आज नाट्यसंगीत जिवंत आहे, असे आपण म्हणतो. दिवाळी पहाटेला, गणेशोत्सवात, वाहिन्यांवरच्या स्पर्धांत पदे गायली जातात आणि टाळ्याही घेतात. गाणारी मुले तयारीची आहेत, याबद्दल शंका नाही. पण पद गाणारी मुलगी ते पद कोणत्या प्रवेशात येते, आधीचे वाक्य काय आहे, समोर कोण उभे आहे, हे जाणत नसेल तर तिने फक्त चाल गायली. सुभद्रेचा संताप, सिंधूची लाचारी, रेवतीचा फणकारा हे त्या चालीत आपोआप येत नाहीत. कीर्तीताई मैफलीतही पदे गात, पण त्यांच्या गाण्यात पात्र हजर असे, कारण ते पात्र त्या शेकडो रात्री जगलेल्या होत्या. ऑपेरागायिका मारिया कॅलासबद्दल युरोपातले रसिक हेच सांगत आले. 1977 साली ती पॅरिसमध्ये गेली. तिच्याहून मधुर गळे तेव्हाही होते, पण रंगमंचावर सुराने माणूस उभा करण्याचे तिचे बळ दुर्मीळ होते. इटलीने आपले ऑपेरागायन जपले ते ला स्काला यांसारखी नाट्यगृहे, त्यांचे वाद्यवृंद आणि त्यांना मिळणारा सार्वजनिक पैसा यांच्या जोरावर. 2023 साली युनेस्कोने त्या गायनकलेला मानवतेच्या वारशाच्या यादीत घेतले. केरळच्या कुटियाट्टम या नाट्यप्रकाराचा गौरव युनेस्कोने 2001 सालीच केला होता. 31 ऑक्टोबर 1880 रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतल’ने उभी राहिलेली आपली रंगभूमी त्या यादीत नाही. यादीत नसणे एक वेळ चालेल. गावच्या रंगमंचावर ती नसणे चालणार नाही.

संगीत नाटक अवघड का झाले, याची कारणे साधी आहेत. ‘सौभद्र’मध्ये मुळात शंभराच्या वर पदे, ती कापून, बसवून तीन तासांत आणावी लागतात. दहा-पंधरा गाते नट हवेत. साथीला तबला आणि ऑर्गन हवा. गंधर्व मंडळीत तबल्यावर अहमदजान थिरकवाँ आणि सारंगीवर कादरबक्ष बसत, ते दिवस परत येणार नाहीत. पण पायाने भाते मारत नटाच्या श्वासाबरोबर चालणारा ऑर्गनवादकही आता शोधावा लागतो. नेपथ्य, पोशाख, प्रवास यांचा खर्च तिकिटातून निघत नाही. शिलेदारांनी हा संसार मुख्यतः एका कुटुंबाच्या अंगावर घेऊन चालवला, याचे कौतुक करताना महाराष्ट्राला थोडी शरमही वाटायला हवी. एका घराण्यावर अख्ख्या परंपरेचे ओझे टाकून समाज निर्धास्त राहिला. जून 2018 मध्ये मुलुंडला 98 वे अखिल भारतीय मराठी नाट्यसंमेलन भरले, त्याच्या अध्यक्षपदी कीर्तीताई होत्या. सलग साठ तासांच्या त्या सोहळ्यात संगीत रंगभूमीला मान मिळाला खरा, पण मानाने प्रयोग लागत नाहीत.

राज्य सरकारची संगीत नाट्य स्पर्धा आहे, किर्लोस्करांच्या नावाचा जीवनगौरव पुरस्कार आहे. या दोन्ही गोष्टी चालू राहाव्यात. मात्र स्पर्धेत एकदा झालेले नाटक परीक्षकांसमोर संपते. पारितोषिक मिळवलेल्या नाटकाला जिल्ह्याच्या गावी किमान दहा प्रयोगांचे अनुदान मिळाले, तरच त्यातले नट पक्के होतील. कीर्ती शिलेदार तयार झाल्या त्या प्रयोगांनी. शिबिराने असा गळा घडत नाही.

खानदेशात साधनांची कमतरता नाही. जळगावला छत्रपती संभाजीराजे नाट्यगृह आहे, धुळ्याला राजर्षी शाहू महाराज नाट्यमंदिर आहे. हौशी नट राज्य नाट्य स्पर्धेत नेमाने उतरतात. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या ‘युवारंग’ महोत्सवात गाणारी आणि अभिनय करणारी मुले दरवर्षी चमकतात; फक्त गाणाऱ्यांचा तंबू वेगळा आणि नाटकवाल्यांचा वेगळा. या दोघांना एका प्रवेशात उभे करणे, एवढेच करायचे आहे. ‘संशयकल्लोळ’चा एक अंक, पाच-सहा पदे, पेटी-तबला, कोणत्याही महाविद्यालयाला हे झेपेल. विद्यापीठाने संगीत नाट्यप्रवेश हा प्रकार सुरू करून पाहावा.

बालगंधर्वांच्या नावाचा महोत्सव वीसहून अधिक वर्षे टिकवणारे वसंतराव चांदोरकर स्मृती प्रतिष्ठान हे जळगावचे भूषण आहे. देशभरातले गायक, वादक, नर्तक त्याने या शहराला ऐकवले आणि दाखवले. त्याच महोत्सवाच्या महिन्यात, कीर्तीताईंच्या स्मृतिदिनी, 22 जानेवारीला, एक पूर्ण संगीत नाटक व्हावे, ही आमची विनंती आहे. पदांचा कार्यक्रम नको. पडदा, नांदी, नटी-सूत्रधार, पात्रे आणि शेवटपर्यंतची गोष्ट हवी. जळगाव आणि धुळे या दोन्ही महापालिकांनी त्या प्रयोगापुरते नाट्यगृहाचे भाडे माफ करावे. अंदाजपत्रकात ते दिसणारही नाही. इथल्या उद्योजकांनी नटांच्या प्रवासाचा भार उचलावा. शाळांनी आठवी-नववीच्या मुलांना ते नाटक दाखवावे. आणि खानदेशच्या रसिकांनी त्या दिवशी मानाचे पास न मागता, तिकीट काढून, घरातल्या एका तरुण मुलाला किंवा मुलीला बरोबर घेऊन यावे. कीर्ती शिलेदारांना श्रद्धांजली वाहायची तर ती भरलेल्या नाट्यगृहातच वाहावी लागेल.