हजेरीवरचा फलंदाज

आपल्याकडे क्रिकेटच्या गप्पा दोनच टोकांना फिरतात. एका टोकाला विराट, रोहित, बुमराह. दुसऱ्या टोकाला आपल्या मोहल्ल्यातला टेनिस बॉलचा बादशहा. रमजानमध्ये तरावीहनंतर लाइट लावून खेळणारी पोरंही या दोघांबद्दलच बोलतात. या दोन टोकांच्या मध्ये किती माणसं खेळतात, किती वर्षं खेळतात आणि त्यांच्या चुली कशावर पेटतात, याची चौकशी सहसा कोणी करत नाही. खरं तर खेळ चालतो तो या मधल्या माणसांच्या जिवावर. आणि आपल्या मुलाने व्यावसायिक खेळाडू व्हायचं ठरवलं, तर तो बहुतेक याच मधल्या रांगेत उभा राहणार आहे. म्हणून या रांगेचा हिशेब आई-वडिलांनी आणि खेळाच्या कारभाऱ्यांनी, दोघांनीही नीट मांडला पाहिजे.

सुरुवात आपल्या विदर्भाच्याच माणसापासून करू. फैज फजल, नागपूरचा डावखुरा सलामीवीर. 2003 मध्ये वयाच्या अठराव्या वर्षी तो विदर्भाकडून पहिला प्रथम श्रेणी सामना खेळला आणि त्यात शतक ठोकलं. अशी सुरुवात झाली की घरच्यांना वाटतं, आता दोन-तीन वर्षांत पोरगा भारताकडून खेळणार. पण दोन-तीनची बारा झाली. मधले काही मोसम तो रेल्वेकडून खेळला, आयपीएलमध्ये राजस्थान रॉयल्सची जर्सी घातली, इंग्लंडमध्ये क्लब क्रिकेट खेळला, पुन्हा विदर्भात आला. मार्च 2016 मध्ये इराणी करंडकात शेष भारताने मुंबईविरुद्ध 480 धावांचा पाठलाग यशस्वी केला, त्यात फैजचं शतक होतं. त्यानंतर निवड समितीची नजर वळली.

15 जून 2016 रोजी हरारेत झिम्बाब्वेविरुद्ध तो भारताकडून एकदिवसीय सामना खेळला. वय तीस. नाबाद 55 धावा केल्या, के. एल. राहुलच्या साथीने सामना दहा गडी राखून जिंकून दिला. आणि तोच त्याचा शेवटचा आंतरराष्ट्रीय सामना ठरला. एकच डाव, त्यातही तो बाद झाला नाही. तरीही पुन्हा बोलावणं आलं नाही.

इथे गोष्ट संपली असती तर ती नुसती हळहळीची गोष्ट झाली असती. पण फैजचं खरं मोठं काम यानंतरचं आहे. विदर्भ 1957-58 पासून रणजी करंडक खेळत होता आणि साठ वर्षांत एकदाही अंतिम फेरीत पोहोचला नव्हता. मोठे संघ विदर्भाचा सामना म्हणजे हक्काचे गुण समजत. 2017-18 मध्ये फैज कर्णधार होता. त्या मोसमात त्याने स्वतः 912 धावा काढल्या. कोलकात्यात उपांत्य सामन्यात कर्नाटकाला पाच धावांनी हरवलं, इंदूरला अंतिम सामन्यात दिल्लीला नऊ गडी राखून लोळवलं आणि विदर्भाने पहिल्यांदा रणजी करंडक उचलला. पुढच्या वर्षी पुन्हा उचलला. ज्याला देशाने एकच दिवस दिला, त्याने आपल्या मातीला दोन करंडक दिले. फेब्रुवारी 2024 मध्ये नागपुरातच त्याने खेळाला निरोप दिला.

त्याच संघात मुंबईहून आलेला एक पाहुणा होता, वसीम जाफर. त्याचे वडील बस चालवत. 2000 मध्ये पहिली कसोटी खेळला, दोन सामन्यांत अपयश आलं आणि बाहेर गेला. 2002 मध्ये परतला, पुन्हा बाहेर. पुन्हा परतला तेव्हा दोन द्विशतकं काढली, 2006 मध्ये वेस्ट इंडीजमध्ये 212 आणि 2007 मध्ये कोलकात्यात पाकिस्तानविरुद्ध 202. तरी एप्रिल 2008 नंतर कसोटी संघाचं दार बंद झालं ते कायमचं. 31 कसोटी, पाच शतकं, बस्स. त्या वेळी त्याचं वय होतं तीस.

त्यानंतर तो बारा वर्षं खेळला. मुंबईचा कर्णधार म्हणून लागोपाठ दोन रणजी करंडक जिंकले. 2015 मध्ये, सदतिसाव्या वर्षी, व्यावसायिक खेळाडू म्हणून विदर्भात आला. इंदूरच्या अंतिम सामन्यात विजयाचा चौकार त्याच्याच बॅटमधून निघाला. पुढे मार्च 2018 मध्ये नागपुरात इराणी करंडकात चाळीस वर्षांच्या या माणसाने 286 धावा काढल्या. पुढच्या रणजी मोसमात हजाराहून जास्त धावा केल्या. रणजीत बारा हजारांवर धावा आणि दीडशे सामने, दोन्ही टप्पे गाठणारा तो पहिला. मार्च 2020 मध्ये निवृत्त झाला तेव्हा त्याच्या खात्यात दहा रणजी करंडक होते.

या दोघांबद्दल आपल्या वस्त्यांत आपुलकी जास्त आहे आणि सोबत एक तक्रारही ऐकू येते की नाव वेगळं असतं तर संधी मिळाली असती. ही तक्रार करणाऱ्यांनी करुण नायरचा प्रवास बघावा. डिसेंबर 2016 मध्ये चेन्नईत इंग्लंडविरुद्ध त्याने नाबाद 303 धावा काढल्या, तीही आपल्या तिसऱ्याच कसोटीत. पुढच्याच कसोटीत तो संघाबाहेर होता, कारण दुखापतीतून बरा झालेला अजिंक्य रहाणे परतला होता. मार्च 2017 नंतर कसोटी संघातून नाव गेलं. 2022 मध्ये तर त्याच्या कर्नाटकानेही त्याला वगळलं. त्या डिसेंबरात त्याने क्रिकेटकडे आणखी एक संधी जाहीरपणे मागितली. ती संधी विदर्भाने दिली. योगायोग असा की 2016 मध्ये हरारेत फैजला जी एकमेव संधी मिळाली, ती नायरला बसवूनच मिळाली होती. सात वर्षांनी नायर फैजच्याच संघात खेळायला आला.

2024-25 च्या विजय हजारे स्पर्धेत नायरने पाच शतकं काढली, पण अंतिम सामना विदर्भ हरला, तोही कर्नाटकाकडून. मग रणजीच्या अंतिम सामन्यात केरळविरुद्ध त्याने 86 आणि 135 धावा केल्या. 2 मार्च 2025 ला, म्हणजे त्या वर्षीच्या पहिल्या रोज्याच्या दिवशी, विदर्भाने नागपुरात तिसरा करंडक जिंकला. जूनमध्ये नायर आठ वर्षांनी कसोटी संघात परतला. इंग्लंडमध्ये चार कसोटी खेळला, एक अर्धशतक काढलं आणि ऑक्टोबरच्या मालिकेत पुन्हा नाव नव्हतं. मग तो कर्नाटकात परत गेला.

तात्पर्य असं की हा धंदाच असा आहे. अकरा जागा आहेत आणि दाराशी शेकडो माणसं उभी आहेत. एखाद्यावर अन्याय होतही असेल, पण तीनशे धावा काढणारालाही पुढच्या सामन्याची हमी नाही, हे आधी समजून घेतलं पाहिजे. ज्याला हे समजतं, तो बाहेर काढल्यावर मोडून पडत नाही. सब्र म्हणजे हात जोडून गप्प बसणं, असा अर्थ आपण उगाच करून ठेवला आहे. जाफरने जे बारा वर्षं केलं, ते सब्र. बोलावणं येवो न येवो, सकाळी नेटमध्ये हजर.

पण सब्राचा उपदेश फक्त खेळाडूला करून चालणार नाही. आता थोडा पैशाचा हिशेब.

भारतीय संघातल्या निवडक खेळाडूंना क्रिकेट मंडळ वर्षाचा करार देतं. रणजी खेळाडूला मंडळाकडून मिळतो तो रोज. 2021-22 च्या मोसमापासून दर असा आहे: चाळीसहून जास्त सामने खेळलेल्याला दिवसाला 60 हजार रुपये, 21 ते 40 सामने झालेल्याला 50 हजार आणि वीसपर्यंतच्याला 40 हजार. अंतिम अकरात नसलेल्या राखीव खेळाडूला निम्मे. आकडा ऐकून डोळे विस्फारतात. पण साखळीत सामने सात आणि सामना चार दिवसांचा. नव्या पोराला सातही सामने मिळाले तर 11 लाख 20 हजार होतात. दोनच सामने मिळाले तर 3 लाख 20 हजार. बोट मोडलं, फॉर्म गेला, निवड समितीचं मन बदललं, की रोज बंद. सराव मात्र बाराही महिने करावा लागतो, खुराक बाराही महिने लागतो.

कोरोनाच्या काळात 2020-21 ची रणजी स्पर्धा रद्द झाली. 1934 मध्ये स्पर्धा सुरू झाल्यापासून असं कधी घडलं नव्हतं. शेकडो खेळाडूंचं त्या वर्षाचं उत्पन्न बुडालं. मंडळाने आदल्या मोसमात खेळलेल्यांना निम्मी भरपाई जाहीर केली, ती सप्टेंबर 2021 मध्ये.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या वाचकाला हे समजावून सांगायची गरज नाही. खाणीवर, पॉवर हाउसला, पेपर मिलमध्ये ठेकेदाराच्या हाताखाली राबणाऱ्याला माहीत आहे की हजेरी लागली तर पगार. तेंदूपत्त्याच्या फळीवर पुडे मोजून देणाऱ्या बाईला माहीत आहे की हंगाम पंधरा-वीस दिवसांचा आणि पोट वर्षाचं. रक्कम वेगळी आहे, प्रतिष्ठा वेगळी आहे, पण बांधणी तीच. कामगाराचं शरीर साठीपर्यंत कसंबसं साथ देतं, खेळाडूचं पस्तिशीतच उत्तर देतं, एवढाच फरक. जाफरसारखा चाळिशीत खेळणारा एखादाच.

म्हणून माझं म्हणणं असं की जो खेळाडू राज्य संघासाठी सलग काही मोसम खेळला आहे, त्याला किमान वर्षाचा लेखी करार मिळालाच पाहिजे. सामन्याचा रोज त्यावर वेगळा. दुखापत झाली तर त्या वर्षाचं तरी उत्पन्न बुडू नये. ज्या मंडळाची तिजोरी जगातल्या सगळ्या क्रिकेट मंडळांत मोठी आहे, त्याला हे जड नाही. विदर्भाचे तीनही करंडक अशा माणसांनी जिंकून दिलेत ज्यांना वरच्या दरबारातून परत पाठवलं होतं, किंवा ज्यांना तिथे कधी बोलावलंच नव्हतं. त्यांच्या घामाची किंमत मिरवणुकीपुरती नसावी.

दुसरी गोष्ट अंतराची. सिरोंच्याहून नागपूर साडेतीनशे किलोमीटरच्या घरात आहे. निवड चाचणीसाठी एवढा प्रवास, मुक्काम, जेवण हा खर्च करायचा आणि दोन षटकं टाकून परत यायचं, हे मजुराच्या पोराला झेपत नाही. पोलीस भरतीसाठी पहाटे रस्त्यावर धावणारी आपल्या दोन्ही जिल्ह्यांतली पोरं बघा. दमसास आहे, चिवटपणा आहे. त्यांना बघायला निवडकर्त्यांनी इकडे यावं. सालातून एकदा तरी चाचणी चंद्रपुरात आणि गडचिरोलीत घ्यावी.

तिसरी गोष्ट घरातली. मुलगा म्हणाला की मला क्रिकेटच खेळायचं आहे, तर त्याला हाकलू नका आणि शाळाही सोडायला लावू नका. त्याला फैज फजलचा हिशेब सांगा: वीस वर्षं खेळ, चोवीस शतकं, देशासाठी एक दिवस. एवढ्यावर समाधान मानून खेळायची तयारी आहे का, हे विचारा. ‘हो’ म्हणाला तर बॅट घेऊन द्या, आणि बारावीचं पुस्तकही त्याच पिशवीत ठेवा.