नेटवाल्याला फोन लावण्याआधी स्विचचे दिवे बघा

व्हिडिओत स्विच उघडून दाखवलाय, इथे माझं मत स्पष्टच सांगतो. दुकान तुमचं असेल, तर त्या डबीवरचे दिवे वाचता येणं हेही तुमचंच काम आहे. नेटवाल्याचं नाही.

समजा, चामटोलीत तुम्ही ऑनलाइन फॉर्म भरायचं सेंटर टाकलंय. तीन कॉम्प्युटर, एक प्रिंटर. फॉर्मची शेवटची तारीख, दारात पंधरा माणसं, आणि दोन नंबरचा कॉम्प्युटर बंद पडला. तुम्ही 'नेट गेलं' म्हणून फोन करता. माणूस बदलापूरहून येईपर्यंत दुपार होते. येऊन तो करतो काय? जॅक दाबतो. टक् आवाज येतो, दिवा लागतो. व्हिजिटचे पैसे तर जातातच, पण जे गिऱ्हाईक उठून गेलं त्याचं काय?

आता दिवे. पोर्टचा दिवा स्थिर लागलाय म्हणजे वायरच्या दोन्ही टोकांची यंत्रं एकमेकांना ओळखतायत. लुकलुकतोय म्हणजे डेटा ये-जा करतोय. पुष्कळ जण लुकलुकणं बघून घाबरतात, पण ते चांगलं लक्षण आहे. दिवा बंद असेल तर तीनच गोष्टी तपासा: पलीकडचा कॉम्प्युटर चालू आहे का, जॅक नीट बसलाय का, आणि तीच वायर दुसऱ्या पोर्टात घातली तर दिवा लागतो का. लागला, तर पहिला पोर्ट गेला. नाहीच लागला, तर चालू असलेली दुसरी वायर लावून बघा. दोन मिनिटांचं काम.

रंगाचं मात्र कंपनीगणिक बदलतं. बऱ्याच गिगाबिट स्विचवर हिरवा म्हणजे 1000 एमबीपीएस आणि नारिंगी म्हणजे 100 किंवा 10, पण काहींवर उलटं असतं. म्हणून डबीवर छापलेलं वाचा. कालपर्यंत हिरवा असलेला दिवा आज नारिंगी झाला, तर मला आधी वायरचा संशय येतो. गिगाबिटला वायरमधल्या चारही जोड्या लागतात, 100 ला दोनच पुरतात. टेबलाच्या पायाखाली चेपलेली किंवा उंदराने कुरतडलेली वायर अशी अर्धवट चालते. नेट चालतंय म्हणून कोणी बघत नाही, आणि मग 'प्लॅन महागडा घेऊनही स्लो' अशी तक्रार सुरू होते.

सगळे दिवे एकदम, वेड्यासारखे लुकलुकतायत आणि काहीच चालत नाही? झाडलोट करताना कुणीतरी लोंबकळणारं टोक रिकाम्या पोर्टात खोचलं असणार. एकाच वायरची दोन्ही टोकं त्याच स्विचमध्ये गेली की डेटा गोल गोल फिरत राहतो. एक टोक काढा.

जुन्या बाजारातून स्वस्तात हब घेऊ नका. हब आलेला डेटा सगळ्या पोर्टांवर फेकतो, स्विच ज्याचा त्याला देतो. नवीन साधा स्विच काही फार महाग नाही.

आणि हो, डबी काउंटरखाली जमिनीवर टाकू नका. 27 जुलै 2019 ला महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये पुरात अडकली होती, पाणी किती चढतं हे चामटोलीकरांना मी काय सांगणार! भिंतीवर डोळ्यांच्या उंचीला लावा. पाण्यापासून वाचते आणि दिवेही दिसतात.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो. स्विचचा हिरवा दिवा म्हणजे इंटरनेट चालू, असं नाही. तो फक्त तुमच्या दुकानातली वायर सांगतो. बाहेरच्या लाइनसाठी फायबरच्या मोडेमवरचा एलओएस दिवा बघा. तो लाल झाला असेल तर सहसा फायबरमधून सिग्नलच येत नाहीये. तेव्हा फोन कराच, पण 'नेट गेलं' म्हणू नका. म्हणा, "स्विचचे सगळे दिवे ठीक आहेत, मोडेमवर एलओएस लाल आहे." म्हणजे समोरचा माणूस फायबरचं सामान घेऊनच निघेल.